स्वेच्छानिवृत्तीनंतर लोकसेवा: कायद्याने सामान्य नागरिकासाठी ठेवलेल्या जागा

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि मुंबई-दिल्लीत दूरध्वनी सेवा देणाऱ्या एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. योजना पन्नाशी गाठलेल्यांसाठी होती, त्यामुळे त्यांतल्या अनेकांच्या हाती अजून दहा-पंधरा वर्षे काम करण्याइतकी ताकद होती. त्याआधी २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतूनही असाच मोठा वर्ग व्हीआरएस घेऊन निघाला होता, आणि राज्य शासनाच्या सेवेतही ५८ व्या वर्षाची वाट न पाहता अर्ज देणारे असतातच. यांपैकी पुष्कळांना समाजासाठी काहीतरी करावे असे मनापासून वाटते. मात्र चौकशी करायला गेले की बहुधा दोनच वाटा समोर येतात: एखाद्या संस्थेला देणगी द्यावी, नाहीतर सवडीने मुलांना शिकवावे. दोन्ही कामे चांगली आहेत, पण ज्याला ठरलेली वेळ, ठरलेली जबाबदारी आणि चुकले तर जाब विचारणारी व्यवस्था यांची सवय आहे, अशा माणसाचे मन त्यांत फार काळ रमत नाही.

तिसऱ्या वाटेविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. आपल्या अनेक कायद्यांनी न्यायदानाच्या आणि प्रशासनाच्या कामात सामान्य, पण अनुभवी नागरिकासाठी मुद्दाम जागा ठेवल्या आहेत. बालकल्याण समिती, बाल न्याय मंडळ, जिल्हा ग्राहक आयोग, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्या अशी ही यादी आहे. या जागांवर बसणारी माणसे कायद्याने बांधलेली असतात, त्यांच्या निर्णयाने लोकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष फरक पडतो, आणि यांतल्या बऱ्याच कामांना वकिलीची सनद लागत नाही. दुसरी कारकीर्द शोधणाऱ्याने सर्वांत आधी या जागांकडे पाहावे असे माझे ठाम मत आहे, आणि त्यांची तयारी नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते हे त्याला वेळेत कळावे म्हणून हा लेख.

आधी पैशांचा विषय

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ नुसार २० वर्षांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा पूर्ण केलेला राज्य कर्मचारी तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होऊ शकतो. पेन्शन योजनेतील बँक कर्मचाऱ्यांनाही २० वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन तसे करता येते. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांचा हिशेब जुन्या निवृत्तिवेतनाहून निराळा असल्यामुळे त्यांनी ऐकीव माहितीवर न विसंबता आपली गणना कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावी.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण, म्हणजे बोलीभाषेत पेन्शन विकणे, केले की राज्य कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी मिळतो आणि तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ही पंधरा वर्षे फारशी जाचत नाहीत. पन्नासाव्या वर्षी निघणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती पासष्टीपर्यंत चालतात, आणि मुलांची शिक्षणे व लग्नेही नेमक्या त्याच काळात येतात. लोकसेवेच्या ज्या जागांविषयी आपण बोलत आहोत, त्यांपैकी बहुतेकांना पगार नाही, मानधन किंवा बैठक भत्ता आहे. म्हणून घरखर्च निवृत्तिवेतनातून आणि साठवलेल्या रकमेतून भागतो का, याचा हिशेब आधी घरातल्यांसमोर मांडावा. मानधनावर घर चालवू असे मनात धरून कोणी या कामात आले, तर दुसऱ्याच वर्षी त्याची ओढाताण सुरू होते, आणि गरजू माणसाकडून 'थोडे काहीतरी' घ्यायला काय हरकत आहे हा घातक विचार तिथूनच डोके वर काढतो.

विधी स्वयंसेवक: जिथून सुरुवात करावी

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. न्यायालयाच्या आवारात यांना पॅरा लीगल व्हॉलंटियर किंवा नुसते 'पीएलव्ही' म्हणतात. कोणाला निवडावे हे सांगताना या योजनेने शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी यांच्याबरोबर निवृत्त शिक्षक, निवृत्त शासकीय कर्मचारी आणि ज्येष्ठ नागरिक यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती अर्ज मागवते, निवड झालेल्यांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र देते, आणि मग त्यांची नेमणूक न्यायालयातील मदत कक्ष, गावातील विधी सहाय्य केंद्र, पोलीस ठाणे किंवा कारागृह अशा ठिकाणी होते. मानधन दिवसाच्या हिशेबाने आणि काम दिलेल्या दिवसांपुरतेच मिळते.

हे काम प्रत्यक्षात कसे असते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या न्यायालयातील मदत कक्षात एक बाई येतात. नवरा सहा महिन्यांपूर्वी वारला आहे. पिशवीत मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, बँकेचे पासबुक आणि कोणीतरी हातात दिलेला, अर्धवट भरलेला अर्ज आहे. 'कोर्टातून वारस दाखला आणा, त्याशिवाय काहीच होणार नाही' असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे आणि त्यासाठी खर्चाचा मोठा आकडाही ऐकवला आहे. बँकेत किंवा महसूल खात्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला हे कागद पाहताच दिसते की इथे दोन वेगळी कामे एकमेकांत अडकली आहेत.

पहिले काम जमिनीचे. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. जमिनीत मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावी असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. अर्ज आला की गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत नोंद होते, चौकशी होऊन फेरफार पडतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. वारसांमध्ये वाद नसेल तर त्यासाठी एरवी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. मुदत उलटून गेली म्हणून हक्क जात नाही, हेही त्या बाईंना सांगावे लागते, कारण उशीर झाल्याच्या भीतीनेच त्या गप्प बसलेल्या असतात.

दुसरे काम बँकेचे. खात्याला नामनिर्देशन (नॉमिनी) असेल तर नामनिर्देशित व्यक्तीने दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र द्यायचे असते, आणि पूर्ण कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नामनिर्देशन नसले तरी ठरावीक रकमेपर्यंत बँका हमीपत्र घेऊन पैसे देतात. रक्कम त्याहून मोठी असली किंवा वारसांत तंटा असला तर मात्र न्यायालयात जावे लागते. तिथे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र एक आहे, आणि आपल्याकडे अजूनही लागू असलेल्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालील वारस दाखला त्याहून वेगळा आहे. या बाईंना न्यायालयात जावेच लागले, तरी स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असो, त्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

या कामात वक्तृत्व नाही, सत्कार नाही. कागद वाचणे, कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो हे ओळखणे, अर्ज सुवाच्य लिहिणे आणि पोच घ्यायला सांगणे, इतकेच आहे. पण सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत माणूस जे नकळत शिकतो, त्याची किंमत सर्वांत जास्त इथेच होते. म्हणून कोणतीही मोठी जागा डोळ्यांसमोर असली तरी सुरुवात या कामाने करावी. लोक कशाने अडतात हे इथे जितके कळते, तितके कुठल्याही प्रशिक्षणात कळत नाही.

बालकल्याण समिती: सर्वांत जड जबाबदारी

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार दोन स्वतंत्र यंत्रणा काम करतात. ज्या मुलांच्या हातून कायद्याचे उल्लंघन झाल्याचा आरोप आहे त्यांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालतात. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात व त्या दोघांत किमान एक स्त्री असावी लागते. ज्या मुलांना काळजी आणि संरक्षण हवे आहे, म्हणजे हरवलेली, टाकून दिलेली, छळाला बळी पडलेली किंवा बालमजुरीतून सोडवलेली मुले, ती बालकल्याण समितीपुढे येतात. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. न्यायालयाचे अधिकार सामान्य नागरिकांच्या हाती देणारी दुसरी इतकी ठळक व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

कल्याणसारख्या मोठ्या रेल्वे स्थानकावर एकटे सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत समितीपुढे आणावे लागते. त्याला घरी पाठवायचे की बालगृहात ठेवायचे, घरच्यांची चौकशी कोणी करायची, ते पळून का आले याचे उत्तर त्याच्याकडून कसे मिळवायचे, हे समिती ठरवते. सोडून दिलेले बाळ दत्तक देण्यासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त आहे असे जाहीर करण्याचे कामही तिचेच. त्यासाठी मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिने आणि त्याहून मोठे असेल तर चार महिने अशी मुदत आहे. हा निर्णय लांबला तर मुलाचे वय वाढते आणि घर मिळण्याची शक्यता घटते, आणि घाईने दिला तर एखाद्या जिवंत आईचा हक्क कायमचा बुडतो. महिन्यातून किमान वीस दिवस बैठक घ्यावी असे कायदा का सांगतो, ते यावरून लक्षात यावे. 'अधूनमधून जाऊ' अशा विचाराने इथे येऊ नये. २०१६ च्या आदर्श नियमांत बैठक भत्ता किमान १,५०० रुपये धरला होता. राज्यागणिक आणि काळानुसार त्यात बदल होतो, पण तो उपजीविकेचा आकडा कधीच नव्हता.

स्वेच्छानिवृत्ती घेणारे बहुतेक लोक पात्रतेपाशी अडतात. बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य यांसारख्या विषयाची पदवी असावी, आणि तिच्याबरोबर मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या क्षेत्रात सात वर्षे प्रत्यक्ष काम केलेले असावे किंवा त्या विषयात व्यवसाय करीत असावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडून एक्कावन्नाव्या वर्षी अर्ज केला तर ही सात वर्षे आणायची कुठून? ज्याला या कामाची ओढ आहे त्याने बेचाळीस-त्रेचाळीसाव्या वर्षीच, नोकरीचे नियम सांभाळून आणि जिथे लागेल तिथे कार्यालयाची परवानगी घेऊन, एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर मुलांसाठी काम सुरू करावे आणि त्याचा लेखी पुरावा जपून ठेवावा. शिक्षक, परिचारिका आणि आरोग्य खात्यातील कर्मचारी यांना त्यांच्या नोकरीचाच अनुभव उपयोगी पडू शकतो, त्यामुळे या जागांचा विचार त्यांनी अवश्य करावा.

ग्राहक आयोग आणि सलोखा

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे सदस्यपद ही या यादीतली खऱ्या अर्थाने पगारी जागा आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी हा आयोग ऐकतो. सदस्य होण्यासाठी वयाची पस्तिशी, पदवी आणि कायदा, प्रशासन, वित्त, अभियांत्रिकी, वैद्यक अशा एखाद्या क्षेत्रातील अनुभव लागतो. अनुभवाची अट आधी पंधरा वर्षांची होती. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती दहा वर्षांवर आणली आणि लेखी परीक्षाही आवश्यक ठरवली. त्यामुळे ओळखीपाळखीपेक्षा अभ्यासाला महत्त्व आले आणि प्रामाणिक उमेदवाराला खरी संधी मिळाली, याचे मला मनापासून समाधान वाटते. विमा, बँक किंवा रुग्णालय प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाने पन्नाशीत पुन्हा अभ्यासाला बसावे अशी ही जागा आहे. नियमांत फेरबदल होत राहतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात शब्दशः वाचावी.

परीक्षेचा मार्ग नको असलेल्यांसाठी ग्राहक चळवळ आहेच. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या सलोखा मंचात घर घेणारा आणि विकासक यांच्यातील वाद दोघांच्या संमतीने मिटवण्यासाठी एका बाजूने ग्राहक संघटनेचे आणि दुसऱ्या बाजूने विकासकांच्या संघटनेचे प्रतिनिधी एकत्र बसतात. करारनामा वाचता येणारा, हिशेब समजणारा आणि दोन्ही बाजूंचे शांतपणे ऐकून घेणारा निवृत्त माणूस इथे किती उपयोगी पडतो, हे वेगळे सांगायला नको. लोकअदालतीच्या पॅनेलवरही न्यायाधीशांबरोबर सामाजिक कार्यकर्ता असतो, आणि तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक अंतर्गत समितीवर एक बाहेरचा सदस्य असतो. कामकाजाच्या दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढाच भत्ता नियमांनी ठरवला आहे. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम केलेल्या निवृत्त महिला कर्मचाऱ्यांनी या कामात यायला हवे, कारण कार्यालयातील दबाव कसा काम करतो हे त्यांना आतून माहीत असते. बँक अधिकाऱ्यांसाठी लीड बँकांची, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकांची, आर्थिक साक्षरता केंद्रे आहेत. तिथे समुपदेशक म्हणून निवृत्त बँक कर्मचारी घेतले जातात.

जागा नसतानाही

ज्यांना समिती नको, खुर्ची नको, त्यांच्यासाठीही वाट आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्कराची नोकरी सोडून पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला परतले, तेव्हा त्यांच्याकडे पद नव्हते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून त्यांनी यादवबाबांचे मोडकळीस आलेले मंदिर दुरुस्त केले, आणि गावाचा विश्वास बसल्यावर पाणलोटाची कामे हाती घेतली. त्यांच्या पुढील राजकीय भूमिकांविषयी कोणाचे काहीही मत असो, या सुरुवातीचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. निर्वाहासाठी लष्कराची पेन्शन होती, आणि पहिले काम सगळ्या गावाला आपले वाटेल असे निवडले होते.

शैलेश गांधी यांचे उदाहरण शहरातले आहे. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या या उद्योजकाने आपला प्लॅस्टिकचा व्यवसाय विकला आणि माहिती अधिकाराच्या कामाला वाहून घेतले. माहिती अधिकाराचा साधा अर्ज एवढेच साधन वापरून त्यांनी मुंबईत शासकीय कारभाराची माहिती मागायला सुरुवात केली, आणि २००८ ते २०१२ या काळात ते केंद्रीय माहिती आयुक्त होते. जे काम त्यांनी आधी नागरिक म्हणून केले, त्याच कामाने त्यांना त्या पदापर्यंत नेले. क्रम उलटा असता, म्हणजे आधी पदासाठी खटपट केली असती, तर असे घडले असते असे मला वाटत नाही.

साहेबपणा

हे सगळे साधल्यावरही एक अडचण उरते, आणि अनेक चांगली माणसे तिच्यामुळेच वर्षभरात बाजूला होतात. तीस वर्षे ज्यांच्या सहीने कामे झाली, त्यांना तालुका न्यायालयाच्या लाकडी बाकावर बसून कनिष्ठ लिपिकाची वाट पाहणे कठीण जाते. तीस वर्षांचा समन्वयक 'काका, हा फॉर्म पुन्हा भरा' म्हणतो तेव्हा मान दुखावते. अनुभव सोबत येतो, अधिकार कार्यालयातच राहतो. आणि मदत घ्यायला आलेला माणूस तर आपल्या जुन्या हुद्द्यापुढे बिचकतोच. त्यामुळे पहिले सहा महिने ओळख करून देताना पूर्वीचे पद सांगू नये, जुन्या खात्यातील ओळखी वापरून एखाद्याचे काम रांगेबाहेर करून देऊ नये, आणि कोणाकडून पैसे तर सोडाच, पण भाजीची पिशवीही घेऊ नये. रांग मोडून एकाचे काम केले की उरलेले सगळे आपल्याकडे एजंट म्हणून पाहू लागतात, आणि तो शिक्का पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट पक्षीय राजकारणाची. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणे ही लोकसेवाच आहे आणि नोकरी सुटल्यावर ती लढवता येते. परंतु बालकल्याण समिती किंवा विधी सेवेचे काम करताना एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर बसले, तर समोरच्या पक्षकाराचा विश्वास उडतो. दोहोंपैकी एक आधीच निवडावे.

तयारीचा क्रम साधारण असा ठेवता येईल. नोकरीची सात-आठ वर्षे उरली असताना क्षेत्र ठरवावे आणि सुट्टीच्या दिवशी त्यात काम सुरू करावे. दोन वर्षे उरली असताना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवकांची पुढची निवड केव्हा आहे ते विचारावे. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. बालकल्याण समिती आणि बाल न्याय मंडळाच्या जाहिराती महिला व बाल विकास विभागाकडून निघतात आणि अर्जाची मुदत मर्यादित असते, म्हणून पदवीची प्रमाणपत्रे, संस्थेतील कामाचे दाखले आणि चारित्र्य पडताळणीसाठी लागणारे कागद आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस या सगळ्यानंतर, सर्वांत शेवटी द्यावी.